मनातले मांडे इंग्रजीत कसे खायचे?

इंग्रजीतले अलंकार आणि वाक्प्रचार यांवर सीमाभागातून आलेल्या पत्रांपैकी सात प्रश्न या वेळी घेतले आहेत. सारख्या शंका एकत्र केल्या आहेत. इंग्रजी उदाहरणं मुद्दाम देवनागरीत दिली आहेत. उच्चार त्यातून कळतो, स्पेलिंग शब्दकोशात पाहून घ्यावं.

मुलगी मराठी माध्यमात नववीला आहे. मराठीच्या तासाला उपमा-रूपक, इंग्रजीच्या तासाला सिमिली-मेटॅफर. दोन्ही एकच ना? मराठीत तिला पैकीच्या पैकी मिळतात, इंग्रजीत मात्र गडबड होते.
— एक पालक, खानापूर

एकच. उपमेची जी चार अंगं ती मराठीत शिकली, तीच इंग्रजीत आहेत. ‘दुधासारखं पांढरं चांदणं’ घ्या. चांदणं हे उपमेय, दूध उपमान, पांढरेपणा हा साधारण धर्म आणि ‘सारखं’ हा साधर्म्यवाचक शब्द. इंग्रजीत ‘मूनलाइट ऍज व्हाइट ऍज मिल्क’. अंगं तीच, क्रम उलटा. मराठी उपमान आधी ठेवते, इंग्रजी उपमेय आधी ठेवते. मराठीतून शब्दामागे शब्द लावत गेलं की वाक्य इथेच अडतं. दुसरी हमखास चूक म्हणजे ‘सेम लाइक’. ‘सारखा’ला एकटा ‘लाइक’ पुरतो. ‘सेम’ वापरायचाच असेल तर त्याची जोडी ‘ऍज’शी.

तुलनेचा शब्द गाळून एक वस्तू थेट दुसरीच आहे असं म्हटलं की रूपक झालं: ‘द मूनलाइट वॉज मिल्क ऑन द रूफ टाइल्स’, म्हणजे कौलांवर सांडलेलं दूधच.

मुलांची गडबड बहुधा ‘लाइक’ आणि ‘ऍज’ दिसले की लगेच सिमिली लिहिण्यामुळे होते. ‘आय लाइक मँगोज’मध्ये ‘लाइक’ क्रियापद आहे. ‘ऍज इट वॉज रेनिंग, वी स्टेड होम’मध्ये ‘ऍज’चा अर्थ ‘म्हणून’ किंवा ‘कारण’. आणि ‘ही लुक्स लाइक हिज फादर’ ही तुलना खरी असली तरी अलंकार नाही, कारण माणसाची तुलना माणसाशीच आहे. यल्लूरचा रस्ता खानापूरच्या रस्त्यासारखा आहे म्हटल्यानं कविता होत नाही. रस्ता अजगरासारखा पसरला म्हटलं की उपमा. दोन वस्तू वेगळ्या जातीच्या हव्यात.

‘लाइक’ की ‘ऍज’, याला मराठीत सोपी कसोटी आहे. ‘आईसारखं’ म्हणायचं असेल तर ‘लाइक अ मदर’, ‘आई म्हणून’ म्हणायचं असेल तर ‘ऍज अ मदर’. शेजारीण ‘लाइक अ मदर’ काळजी घेते, खरी आई ‘ऍज अ मदर’ शाळेच्या पालकसभेला जाते.

बाकीच्या जोड्या लवकर लागतात. चेतनागुणोक्ती म्हणजे ‘पर्सॉनिफिकेशन’, अतिशयोक्ती म्हणजे ‘हायपर्बली’, अनुप्रास म्हणजे ‘अलिटरेशन’. ‘जणू’वाल्या उत्प्रेक्षेला शालेय इंग्रजीत वेगळं नाव नाही. ‘ऍज इफ’ची वाक्यं सिमिलीतच धरतात. अनुप्रासात एक ध्यानात ठेवावं: इंग्रजीत तो अक्षराचा नसून आवाजाचा असतो. ‘सिटी’ आणि ‘कॅट’ एकाच अक्षरानं सुरू होतात, पण अनुप्रास नाही. ‘नाइफ’ (चाकू) आणि ‘नाइट’ (रात्र) यांची पहिली अक्षरं वेगळी, तरी अनुप्रास आहे. ओळ देवनागरीत लिहून पाहिली की फसगत होत नाही. मराठी माध्यमाच्या मुलीला हा फायदा फुकट मिळतो, तो घ्यावा.

उच्चार: सि-मि-ली, तीन तुकडे. ‘स्माइल’ नव्हे, ‘सिमाइल’ही नव्हे. तसंच हाय-पर्-ब-ली, ‘हायपरबोल’ नव्हे. परीक्षेत नुसतं नाव लिहून थांबू नये. कशाची तुलना कशाशी आणि कुठल्या गुणावरून, हे एका वाक्यात लिहिलं तर नाव पाठ केलं की अर्थ कळला, हे तपासणाऱ्याला दिसतं.

संवादलेखनात ‘डोकं खाऊ नको’साठी ‘डोन्ट ईट माय हेड’ लिहिलं आणि गुण गेले. आमच्या गल्लीतले कन्नड शेजारीही तेच म्हणतात. मग इंग्रजांचं काय बिघडतं?
— पदवीच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी, निपाणी

कन्नडचं उदाहरण तुम्ही चांगलं दिलंत. ‘तले तिन्नबेड’ म्हणजे अक्षरशः ‘डोकं खाऊ नको’. पण मराठी आणि कन्नड यांचा एकमेकींच्या अंगणात शेकडो वर्षं वावर आहे. चित्रांची देवाणघेवाण होऊन गेली आहे. इंग्रजीशी तसा शेजार नाही. तिथे ‘बाइट समवन्स हेड ऑफ’ असा वाक्प्रचार आहे खरा, पण त्याचा अर्थ वसकन अंगावर येणं. तुमच्या संवादात ‘स्टॉप पेस्टरिंग मी’ हवं होतं.

वाक्प्रचार इंग्रजीत नेताना तीनपैकी एक गोष्ट घडते.

कधी चित्र आणि अर्थ दोन्ही जुळतात. नक्राश्रू आणि ‘क्रोकोडाइल टिअर्स’, पांढरा हत्ती आणि ‘व्हाइट एलिफंट’. इथे बिनघोर लिहावं.

कधी अर्थ तोच, चित्र वेगळं. आपण म्हणतो हातातोंडाशी आलेला घास गेला. कन्नडमध्ये ‘कैगे बंद तुत्तु बायिगे बरलिल्ल’, म्हणजे हातात आलेला घास तोंडात आला नाही. इंग्रजीत घास नाही, पेला आहे: ‘देअर इज मेनी अ स्लिप बिट्वीन द कप अँड द लिप’. नाचता येईना अंगण वाकडं याला कन्नडमध्ये ‘कुणियलारदवळु नेल डोंकु अंदळंते’, तिथेही नाचणारीच आणि वाकडी जमीनच. इंग्रजीत तिच्या जागी कारागीर येतो आणि हत्यारांना दोष देतो: ‘अ बॅड वर्कमन ब्लेम्स हिज टूल्स’. दुसऱ्याचं बरं झालं की आपल्या पोटात दुखतं, कन्नड माणसाला ‘होट्टेकिच्चु’ होतो, म्हणजे पोटात आग पडते, आणि इंग्रज हिरवा होतो: ‘ग्रीन विथ एन्व्ही’. सीमाभागात वाढलेल्या मुलाला एकच गोष्ट दोन तऱ्हांनी सांगायची सवय असतेच, इंग्रजी ही तिसरी तऱ्हा. वहीत तीन रकाने पाडून घ्या आणि तिन्ही भाषांतले वाक्प्रचार शेजारी-शेजारी लिहा. कन्नड रकाना गाळू नका. मराठी-कन्नड जुळतं आणि इंग्रजी वेगळं पडतं, हे एकदा डोळ्यांना दिसलं की शब्दशः भाषांतराची खोड आपसूक सुटते.

तिसरा प्रकार खरा धोक्याचा: चित्र तेच, अर्थ भलताच. मराठीत एखाद्याचे पाय ओढणं म्हणजे त्याच्या प्रगतीत आडवं येणं. इंग्रजीत ‘पुलिंग समवन्स लेग’ म्हणजे निव्वळ थट्टा. ‘माय कलीग्ज पुल माय लेग’ असं लिहून तुम्ही तक्रार केलीत, तर वाचणाऱ्याला वाटेल कचेरीत मजेत चाललंय. तसेच हात. आपण हात धुवून एखाद्याच्या मागे लागतो. इंग्रजीत ‘वॉश युअर हँड्स ऑफ’ म्हणजे संबंध तोडून मोकळं होणं, आपलं ‘हात झटकणं’. ते बायबलमधल्या पिलातावरून आलं, जमावासमोर हात धुऊन त्यानं येशूच्या मृत्यूची जबाबदारी झटकली. एकाच कृतीतून दोन भाषांनी नेमके उलटे अर्थ काढले.

उपमांतही हाच खड्डा आहे. घुबड आपल्याकडे अशुभ, कन्नडमध्ये ‘गूबे’ ही शिवी, आणि इंग्रजीत ‘ऍज वाइज ऍज ऍन आउल’. गजगामिनी ही आपल्या जुन्या काव्यातली स्तुती. ‘शी वॉक्स लाइक ऍन एलिफंट’ इंग्रजीत म्हणून पाहा, नातं तुटेल. चंद्रमुखीचं ‘मून-फेस्ड’ करू नका. इंग्रजीत तो नुसता गोल चेहरा, आणि डॉक्टरांच्या भाषेत ‘मून फेस’ म्हणजे स्टेरॉइडच्या औषधांनी आलेली चेहऱ्यावरची सूज. ऊब आणि गारवा यांचंही तसंच. थंड मुलखातल्या भाषेत ‘वॉर्म वेलकम’ चांगलं. आपले मात्र डोळे निवतात, जीव थंड होतो. ‘माय आइज कूल्ड’ म्हणून काही कळणार नाही. तिथे ‘अ साइट फॉर सोअर आइज’.

म्हणून लिहिण्याआधी मराठी वाक्प्रचाराचा अर्थ आधी साध्या मराठीत सांगा, तो साधा अर्थ इंग्रजीत लिहा, आणि मग चांगल्या शब्दकोशात त्या अर्थाचा वाक्प्रचार सापडतो का ते पाहा. नाही सापडला तर साधं वाक्य राहू द्या. साध्या वाक्याला कुणी गुण कापत नाही.

‘मनातले मांडे’ इंग्रजीत कसं सांगायचं? आणि आपल्याकडचे पदार्थ, म्हणी इंग्रजी लेखनात वापरू नयेतच का?
— एक वाचक, चिकोडी

मांडे बेळगावचेच, त्यामुळे प्रश्न योग्य ठिकाणाहून आला. कन्नडमध्येही मनातल्या मनात मंडिगे खातात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. इंग्रजीत हवेत किल्ले बांधतात: ‘बिल्ड कॅसल्स इन दि एअर’. ‘पाइप ड्रीम’ही आहे, पण त्याला वेगळा वास आहे. तो शब्द अफूच्या चिलमीतून आला. कधीच न होणाऱ्या आशेला तो लावतात. घर बांधायची सुखद स्वप्नं रंगवणाऱ्याला ‘कॅसल्स’ द्या, आणि पैसे नसताना साखर कारखाना काढू म्हणणाऱ्याला ‘पाइप ड्रीम’.

आता दुसरा भाग. वापरावेत, जरूर वापरावेत. विषय गोव्याचा किंवा लंडनचा असेल तर ‘कॅसल्स’ ठीक, पण तुम्ही चिकोडीच्या माणसाबद्दल लिहिताय आणि तो हवेत इंग्रजी किल्ले बांधतोय, हे वाचायला ओशाळवाणं वाटतं. अट एकच: वाचकाला त्याच वाक्यात चार-पाच शब्दांची खूण द्यायची. कंस नको, तळटीप नको. ‘ही वॉज ईटिंग मांडे इन हिज माइंड, दोज पेपर-थिन स्वीट्स नो वन हॅड यट बेक्ड’. मांडा कधी न पाहिलेल्या माणसालाही यातून पातळपणा कळतो, गोडी कळते, आणि अजून भाजलेच नाहीत हेही कळतं.

उपमेतही असंच. ‘द मड वॉज लाइक कुंदा’ लिहिलंत तर बेळगावकर हसेल, बाकीचे पुढे जातील. ‘द मड वॉज ब्राउन अँड ग्रेनी, लाइक कुंदा’ लिहिलंत की गुण आधी पोचला, पदार्थाचं नाव मागून आलं. अनोळखी उपमान वापरायचं असेल तर साधारण धर्म उघड सांगावा. ओळखीचं असेल तर गाळला तरी चालतो.

म्हणींसाठी ‘वी हॅव अ सेइंग इन मराठी’ ही तयार पायरी आहे. ‘नावडतीचं मीठ अळणी’ असं नेता येईल: ‘द अनलव्हड वाइफ्स सॉल्ट इज नेव्हर सॉल्टी इनफ’. लेखात अशी एखादी म्हण शोभते. चार आल्या की ती म्हणींची जत्रा होते.

शाळेत पन्नास इडियम्सची यादी पाठ करून घेते. चाचणीत येतात, महिन्याभरात जातात. वाक्यात वापरताना तर विचित्रच होतं.
— एक शिक्षिका, बेळगाव

दोष मुलांचा नाही, यादीचा आहे. अक्षरक्रमानं लावलेल्या यादीत एका वाक्प्रचाराचा दुसऱ्याशी काही संबंधच नसतो, मग आठवण कशाला धरून राहणार? यादी मोडा आणि चित्रानुसार गट पाडा. 1980 साली भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज लॅकॉफ आणि तत्त्वज्ञ मार्क जॉन्सन यांनी दाखवून दिलं की रोजच्या बोलण्यातले शेकडो प्रयोग मोजक्या मूळ रूपकांवर उभे असतात. राग म्हणजे उष्णता, वेळ म्हणजे पैसा, जास्त म्हणजे वर.

राग घ्या. मराठीत डोकं तापतं, पारा चढतो, माणूस नंतर थंड होतो. फळ्यावर एका बाजूला हे मुलांकडूनच लिहून घ्या. दुसऱ्या बाजूला ‘बॉइल विथ अँगर’, ‘ब्लो युअर टॉप’, ‘लूज युअर कूल’, ‘सिमर डाउन’. चुलीवरचं भांडं मधोमध काढा. सात प्रयोग एका भांड्यात बसतात. ‘वर’चा गट निपाणीच्या तंबाखूपासून सुरू करता येईल: भाव चढले, ‘प्राइसेस वेंट अप’; उतरले, ‘केम डाउन’. त्यातूनच ‘ईट अप’, ‘ड्रिंक अप’, ‘यूज अप’मधल्या ‘अप’ला हात घाला. हा ‘अप’ म्हणजे वर नव्हे, पूर्णपणे. आपण ‘खाऊन टाकलं’, ‘पिऊन टाकलं’ म्हणतो, त्यात काही फेकलेलं नसतं. त्या ‘टाकणं’चं काम इंग्रजीत ‘अप’ करतो. मुलांना हे एका वाक्यात पटतं.

वेळेच्या गटात एक सूचना द्या. ‘वेळ काढणं’चं ‘टेक आउट टाइम’ होत नाही, ‘मेक टाइम’ होतं. आणि ‘टाइमपास’ हा आपला शब्द आहे, इंग्रजाला ‘पास द टाइम’ क्रियापद म्हणूनच ठाऊक.

प्रमाण: आठवड्याला पाच किंवा सहा, त्याहून जास्त नको. उजळणी दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी, प्रत्येक वेळी पाच मिनिटं. कार्ड करायची तर पुढच्या बाजूला अर्थ लिहू नका, प्रसंग लिहा: ‘मैत्रिणीनं वाढदिवसाचं गुपित सगळ्यांना सांगून टाकलं’. मागे ‘शी लेट द कॅट आउट ऑफ द बॅग’. दिसायला सारखे किंवा अर्थानं उलटे दोन वाक्प्रचार एकाच आठवड्यात शिकवू नका. मुलं त्यांची अदलाबदल करतात आणि मग ती चूक महिनोन्‌महिने निघत नाही.

वाक्यात विचित्र होण्याचं कारण वेगळं आहे. वाक्प्रचाराचे काही भाग गोठलेले असतात, काही हलतात, आणि यादी हे सांगत नाही. ‘स्पिल द बीन्स’ (गुपित फोडणं) यामध्ये काळ बदलतो, ‘बीन्स’चं एकवचन होत नाही. ‘पुल माय लेग’मध्ये ‘माय’च्या जागी ‘हर’, ‘देअर’ काहीही येईल. ‘किक द बकेट’ (मरणं) याचा कर्मणी प्रयोग केला की बादलीला खरोखरच लाथ बसते. शिकवताना हलणाऱ्या शब्दाखाली रेघ मारून द्या. शिवाय प्रसंग सांगा: ‘किक द बकेट’ हे थट्टेतलं बोलणं, शोकसंदेशात ‘पास्ड अवे’च हवं. शोकपत्रातली बादली एकदा वाचलेला माणूस ती विसरत नाही.

‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्स’ बरोबर आहे ना?
— एक विद्यार्थिनी, कणकुंबी

बरोबर आहे, पण शिळं आहे. 1738 साली जोनाथन स्विफ्ट यांनी लोकांच्या ठरीव, घासून गुळगुळीत झालेल्या बोलण्याची टर उडवणारे संवाद छापले, त्यात हा वाक्प्रचार आहे. तेव्हाच तो टिंगलीचा विषय होता. वाचताना कळावा एवढं पुरे. लिहिताना ‘इट पोअर्ड ऑल नाइट’ किंवा बोलीत ‘इट्स बकेटिंग डाउन’. मलप्रभा जिथे उगम पावते तिथल्या पावसाला आपण मुसळधार म्हणतो, मुसळाएवढ्या जाड धारा. ब्रिटनमध्ये याच्या अगदी जवळचा जुना प्रयोग आहे: ‘रेनिंग स्टेअर रॉड्स’, जिन्यावरचा गालिचा दाबून धरणाऱ्या सळ्यांसारखा पाऊस. कुत्र्या-मांजरांपेक्षा हा तुमच्या गावाला शोभेल.

निबंधात अलंकार किती घालावेत? आणि नोकरीच्या अर्जात?
— एक वाचक, संकेश्वर

दोनशे शब्दांच्या निबंधात दोन पुरे, तेही जिथे साधं वाक्य कमी पडतं तिथे. निबंध लिहून झाल्यावर वरून पेरलेले अलंकार लगेच ओळखू येतात. ‘लाइफ इज नॉट अ बेड ऑफ रोझेस’, ‘लास्ट बट नॉट द लीस्ट’ हे तर गठ्ठ्यातल्या निम्म्या पेपरांत असतात.

दुसरी चूक म्हणजे एकाच वाक्यात दोन चित्रं. ‘द सीड्स ऑफ हेट्रेड सून कॉट फायर अँड ड्राउन्ड द टाउन’: बी पेरलं, त्यानं पेट घेतला आणि गाव बुडालं. डोळे मिटून वाक्य चित्रासारखं पाहा. चित्र फाटलं तर शेवटपर्यंत एकच ठेवा: बी पेरलं, रुजलं, कडू फळं आली.

अर्जात एकही नको. ‘आय ऍम अ लायन ऍट वर्क’ असं लिहिणाऱ्याला कचेरीत कुणी बोलावत नाही. काम, वर्षं, मशीन किंवा सॉफ्टवेअरचं नाव लिहा.

मी विज्ञान शाखेचा. अलंकार हे कवितेचं काम, आम्हाला त्याचा काय उपयोग?
— एक विद्यार्थी, अथणी

तुमचं पाठ्यपुस्तक रूपकांनी भरलेलं आहे, फक्त ती मेलेली असल्यानं दिसत नाहीत. 1665 साली रॉबर्ट हूक यांनी बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात त्यांना लहान-लहान खोल्यांसारखे कप्पे दिसले, म्हणून ‘सेल’. ‘फूड चेन’मध्ये साखळी आहे, ‘करंट’मध्ये पाण्याचा प्रवाह. ही रूपकं समजायला मदत करतात, पण कुठपर्यंत चालतात तेही कळायला हवं. पाइप कापला तर पाणी सांडतं, तार कापली तर वीज सांडत नाही, थांबते. ‘प्रवाह’ हा शब्द अक्षरशः घेणारी मुलं नेमकी याच प्रश्नाला चुकतात.

वस्तूंच्या अवयवांची नावंही अशीच, आणि ती भाषेभाषेत बदलतात. आपल्या घड्याळाला काटे, इंग्रजीत ‘हँड्स’. आपल्या कपाला कान, इंग्रजीत ‘हँडल’. सुईला आपण नेढं म्हणतो, इंग्रजीत ‘आय’, आणि कन्नडमध्ये ‘सूजिय कण्णु’, म्हणजे डोळाच. इथे कन्नड तुम्हाला इंग्रजीच्या जवळ नेते.

तुमच्या भागात ऊस आहे, तर एक शेवटचं. उसाच्या कांडीवरच्या डोळ्याला कृषी-इंग्रजीत ‘बड’ म्हणतात, एक डोळ्याची कांडी म्हणजे ‘सिंगल-बड सेट’. बटाट्याच्या डोळ्याला मात्र ‘आय’च म्हणतात. प्रकल्पवहीत लिहिताना दोन्हींची अदलाबदल करू नका.